विजेची सनद आणि तिचा अभ्यास

पुणे-सोलापूर महामार्गावरील मोडनिंब हे माढा तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. त्याच्या चहूकडे ऊस, डाळिंब व बोर यांच्या बागा आहेत आणि त्या बागांच्या बांधावर मोटारींच्या पेट्या उभ्या आहेत. या पेट्यांची जोडणी, नव्या घरांची वायरिंग, पिठाच्या गिरणीची मोटार, गणेशोत्सवातील मंडपाची रोषणाई ही सारी कामे ज्यांच्या हातून होतात, त्या सर्वांना पंचक्रोशीत वायरमन या एकाच नावाने ओळखतात, मग त्यांच्यापाशी शासनाचा परवाना असो वा नसो. हा फरक आपण सर्वांनी मिळून मामुली ठरविला आहे, आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते हे पाहिले म्हणजे आपल्या अनास्थेचा खेद वाटल्यावाचून राहत नाही.

कायदा या बाबतीत मुळीच संदिग्ध नाही. १९१० च्या भारतीय विद्युत अधिनियमाखाली झालेल्या १९५६ च्या नियमांपैकी ४५ व्या नियमाने असे स्पष्ट ठरवून दिले की दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता विजेच्या मांडणीचे कोणतेही नवे काम, फेरबदल वा दुरुस्ती शासनमान्य ठेकेदाराने, पात्रतेचा दाखला असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली, परवानाधारक तारतंत्र्याकडूनच, म्हणजे वायरमनकडूनच, करवून घेतली पाहिजे. पुढे २००३ चा नवा अधिनियम आला, त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे व नंतर २०२३ चे विनियम आले, तरी या तत्त्वाला धक्का लागला नाही. महाराष्ट्रात तारतंत्री आणि पर्यवेक्षक या दोन्ही परीक्षा राज्याच्या ऊर्जा खात्याच्या अखत्यारीतील अनुज्ञापक मंडळ घेते.

या परीक्षांच्या अभ्यासाकडे पुष्कळ उमेदवार दाखल्यासाठी भरावयाच्या एखाद्या अर्जासारखे पाहतात. जुन्या प्रश्नपत्रिका जमवाव्या, नियमांचे क्रमांक पाठ करावे, तोंडी परीक्षेची उत्तरे घोकावी आणि मोकळे व्हावे, असा एकंदर शिरस्ता पडला आहे. परंतु या अभ्यासक्रमातील अर्थिंगचे एकच प्रकरण जरी कोणी हिशेब मांडून समजून घेतले, तरी परवान्याची संस्था कशासाठी निर्माण झाली हे त्याला दुसऱ्या कोणी सांगावे लागणार नाही. भिजलेल्या अंगाच्या माणसाचा विद्युतरोध सुमारे एक हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टच्या तारेला हात लागताच त्याच्या देहातून पाव अँपिअरहूनही किंचित कमी प्रवाह वाहील. एवढा प्रवाह हृदयाची गती बिघडवून प्राण घेण्यास पुरेसा आहे, आणि पाच अँपिअरच्या फ्यूजला मात्र त्याची चाहूलही लागणार नाही. म्हणजे घरातला फ्यूज हा तारांचा रक्षक आहे, माणसाचा नव्हे. माणसाचे रक्षण करावयाचे ते काम ३० मिलीअँपिअरच्या गळतीला पुरवठा तोडणाऱ्या आरसीसीबीचे आणि नीट केलेल्या अर्थिंगचे.

आता हाच हिशेब बांधावरच्या पेटीला लावून पाहावा. वैशाखात जमीन सुकते, मीठ-कोळसा घातलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात महिनोन् महिने कोणी पाणी ओतलेले नसते, आणि खड्ड्याचा रोध वाढत वाढत वीस ओहमवर गेला तर पेटीच्या पत्र्यात उतरलेला दोषप्रवाह साडेअकरा अँपिअरच्या पलीकडे जाऊच शकत नाही. पंधरा अँपिअरचा फ्यूज अशा वेळी शाबूत राहतो, आणि तो पत्रा आपल्या अंगी जवळजवळ पूर्ण दाब धारण करून, रात्रपाळीच्या विजेत मोटार चालू करण्यासाठी ओल्या पायांनी येणाऱ्या शेतकऱ्याची वाट पाहत राहतो. अर्थिंगची तार जोडलेली असते, ती डोळ्यांना दिसतही असते, तरी ती निरुपयोगी असते. आणि हे केवळ पाहून कळत नाही, अर्थ टेस्टर लावून मोजावे लागते. हीच गोष्ट पत्र्याच्या घरांची आणि सर्व्हिस वायरला टेकलेल्या, धुणे वाळत घालण्याच्या तारेची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत देशभर विजेच्या धक्क्याने मृत्यू पावलेल्यांचा आकडा गेली अनेक वर्षे दहा हजारांच्या वर आहे. त्यांपैकी किती पंचनाम्यांत खड्ड्याचा रोध मोजून लिहिला गेला असेल, हा विचार मनात आला म्हणजे अस्वस्थ व्हायला होते.

सर्वांत मोठी विकृती मात्र याच्याही पुढची आहे. नव्या जोडणीच्या अर्जासोबत परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. जिवंत तार व जमीन यांमध्ये ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट देऊन रोध किमान एक मेगओहम भरतो की नाही हे मेगरने पाहावयाचे, अर्थिंग मोजावयाचे, आणि मग खाली सही करावयाची, असा त्या कागदाचा अर्थ. व्यवहारात अनेकदा सही एकाची असते आणि हात दुसऱ्याचा. सही करणाऱ्याने ते घर पाहिलेले नसते, आणि ज्याने भिंतीतून तारा ओढल्या त्याचे नाव दप्तरात कोठेही नसते. ज्याने वर्षभर रात्री जागून हा अभ्यास केला त्याच्या विद्येचा शेवटी शिक्क्यापुरता उपयोग व्हावा, आणि ज्याला त्या विद्येची खरी गरज त्याच्यापर्यंत ती कधी पोहोचूच नये, हा दोघांवरही अन्याय आहे. न पाहिलेल्या कामावर सही विकणारा परवानाधारक माझ्या दृष्टीने बिनपरवाना काम करणाऱ्यापेक्षा अधिक दोषी ठरतो, कारण त्याला ओहमचा नियम ठाऊक असतो.

बिनपरवाना काम करणाऱ्यांवर फौजदारीचा बडगा उगारावा, असे यावर कोणी सुचवील. मला तो मार्ग पटत नाही. ही माणसे कष्टाळू आहेत, पुष्कळ वेळा आयटीआयमधून वीजतंत्री वा तारतंत्री या व्यवसायाचा अभ्यास करून बाहेर पडलेली आहेत, आणि रोजंदारी बुडवून मुंबई-पुण्याच्या शिकवणीला जाणे त्यांना परवडणारे नाही. त्यांच्या वाटेत खरी धोंड आहे ती भाषेची. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला शुद्धीवर कसे आणावे याचा तक्ता जिल्ह्याच्या स्थानिक भाषेतही लावला पाहिजे, अशी तरतूद १९५६ च्याच नियमांत, ४४ व्या नियमात होती. पण तो धक्का बसूच नये म्हणून भारतीय मानक ब्यूरोने जी मानके सिद्ध केली, म्हणजे अर्थिंगचे आयएस ३०४३ आणि वायरिंगचे आयएस ७३२, ती मोडनिंबच्या कामगाराला इंग्रजीतच वाचावी लागतात. अपघातानंतरचे ज्ञान मराठीत आणि अपघातापूर्वीचे परक्या भाषेत, ही व्यवस्था कोणत्याही शहाण्या राज्यकारभाराला शोभणारी नाही.

ऊर्जा खात्याने आणि अनुज्ञापक मंडळाने या दोन मानकांचा सुबोध मराठी ग्रंथ, आकृत्या व सोडविलेल्या गणितांसह, अल्प किमतीत उपलब्ध करून द्यावा. तालुक्याच्या आयटीआयमध्ये संध्याकाळचे वर्ग भरवून मेगर आणि अर्थ टेस्टर प्रत्येक उमेदवाराच्या हाती द्यावा. आणि टेस्ट रिपोर्टवर सहीबरोबर मोजणीचे आकडे, तारीख व प्रत्यक्ष काम करणाऱ्या तारतंत्र्याचा परवाना क्रमांक नोंदविल्याखेरीज तो स्वीकारू नये. यासाठी नवा कायदा लागत नाही. असलेल्या कायद्याचा प्रामाणिक अंमल तेवढा लागतो.

घर बांधणाऱ्या आणि मोटार बसविणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे की काम सोपविताना परवाना मागून पाहावा, त्यावरील मुदत वाचावी, आणि टेस्ट रिपोर्टवर सही होण्यापूर्वी दोन्ही मोजण्या आपल्या समक्ष करावयास सांगून त्याचा योग्य मोबदला न घासाघीस करता द्यावा.