कामचुकार कोण?

सरकारी कार्यालयातल्या बायका भाज्या निवडतात, स्वेटर विणतात आणि सुटायची वेळ झाली की पर्स उचलतात, हा विनोद मी नाशिकमध्ये नोकरीची सगळी वर्षे ऐकला. साहेबही त्यावर हसत. कोणत्या बाईला कोणते टेबल दिले आहे, हे मात्र कोणी विचारीत नसे.

१९९४ च्या महिला धोरणाने शासकीय नोकरीत ३० टक्के जागा दिल्या. पण आमच्या कार्यालयात बाईला बहुधा आवक-जावक. लेखा, आस्थापना, जमिनीची प्रकरणे पुरुषांकडे. कारण काय, तर दौरे असतात, उशिरापर्यंत थांबावे लागते. (उशिरापर्यंत थांबणारे चारनंतर काम सुरू करीत, ही गोष्ट वेगळी.) आवक-जावकवर कितीही मन लावून काम केले तरी दाखवण्याजोगे काय असणार? वर्षअखेर गोपनीय अहवालात शेरा ठरलेला, 'चांगला'.

हा शब्द फसवा आहे. प्रतिकूल शेरा तेवढा कळवायचा अशी रीत होती. 'चांगला' कळवीत नसत, आणि पदोन्नतीला 'अतिशय चांगला' लागला की तोच आडवा येई. सीमा रस्ते संघटनेतले अभियंता देव दत्त यांची बढती १९९३-९४ च्या अशाच शेऱ्याने अडली. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. प्रत्येक शेरा, तो कसाही असो, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असा निकाल २००८ मध्ये लागला. लढला एक पुरुष, पण त्या निकालाची गरज आपल्याला अधिक.

आणि काम रखडते कुठे? २००५ च्या बदल्या व विलंबविषयक कायद्याप्रमाणे कोणाही कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. रजिस्टर माझ्याच हाती असल्याने मला दिसे : टपाल माझ्याकडून त्याच दिवशी पुढे जाई, ते मुरे वरच्या टेबलांवर. तरी कामचुकार आम्हीच!

२९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आला, त्याबरोबर वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. शनिवार मिळाला हे चांगलेच. पण सिन्नर-दिंडोरीहून एसटीने येणारी बाई अंधार पडल्यावर घरी पोचते आणि स्वयंपाकाला लागते, ते कोणत्या अहवालात येते?

आपल्या गटात नोकरदार मैत्रिणी असतील तर त्यांना विचारा : गेल्या वर्षीच्या अहवालाची प्रत मिळाली का? आजवर कोणकोणती टेबले दिली? शेजारच्या पुरुष सहकाऱ्याला कोणती? उत्तरे लिहून काढा, आणि तो कागद घेऊन पाचसहाजणी मिळून साहेबांकडे जा.