‘अभिजात’ : एका विशेषणातील जन्मखूण

‘क्लासिकल’ या इंग्रजी विशेषणासाठी मराठी समीक्षेने ‘अभिजात’ ही संज्ञा स्वीकारली; तिच्यासोबत कोणता मूल्यविवेक आला, हे पाहण्याचे मात्र टाळले. मूळ लॅटिन ‘क्लासिकस’ हा शब्दही निष्पाप नव्हे. रोमन नागरिकांच्या संपत्तीनुसार केलेल्या वर्गवारीतील पहिल्या वर्गाचा तो निदर्शक. इ. स.च्या दुसऱ्या शतकात ऑलस गेलियसच्या ग्रंथात तो लेखकाला लावला गेला, तोही ‘प्रोलेटारियस’ लेखकाच्या विरोधात. परंतु संपत्ती मिळवता येते, गमावता येते. ‘अभिजात’ म्हणजे उच्च कुळात जन्मलेला. भाषांतरात वर्गाची जागा जन्माने घेतली.

अर्थ व्युत्पत्तीने नव्हे, रूढीने ठरतो, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. तत्त्वतः तो मान्यच आहे. पण येथे जुना अर्थ मेलेला नाही. ‘अभिजात वर्ग’ हा प्रयोग आजही कुलीनांसाठीच होतो. दुसरा शब्द उपलब्ध नव्हता, असेही नाही. हेच विशेषण संगीतात ‘शास्त्रीय’ होते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर प्राकृतलाही हा दर्जा दिला. ‘प्राकृत’ म्हणजे सामान्य जनांचे; तेच आता ‘अभिजात’ ठरले. ही विसंगती नाशिककरांना तरी नवी वाटू नये. त्रिरश्मी लेण्यांतील गौतमी बलश्रीचा लेख प्राकृतात आहे आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबवल्याबद्दल तो तिच्या पुत्राची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी गातो. भाषा जनांची, अभिमान कुळाचा!

याच नाशिकजवळच्या विहितगावात १९३० साली जन्मलेल्या बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. जन्मावरून माणसाचे मोल ठरवणाऱ्या व्यवस्थेवर आघात करणाऱ्या या संग्रहाला गौरवाने ‘अभिजात’ म्हणणे म्हणजे त्याच व्यवस्थेची पदवी त्याला बहाल करणे होय.

प्राचीनता, नियमबद्धता आणि काळावर मात करणारी गुणवत्ता हे तीन भिन्न निकष या एका विशेषणात कोंबले गेले आहेत. बागुलांना यांपैकी तिसराच लागू पडतो. मग ‘कालजयी’ म्हणावे आणि ते का, हे सिद्ध करावे. शासनदरबारी ‘अभिजात’ खुशाल नांदो. समीक्षेला मात्र कृतीचे कूळ विचारण्याचा अधिकार नाही.