बिलावर नाव कुणाचं?

गेल्या लगीनसराईत एका मैत्रिणीबरोबर लग्नाला गेले होते. पाहुणी म्हणून नव्हे, तिचे लाइट धरायला. तिची नेहमीची मदतनीस आजारी पडली होती. सकाळी सातला हळद, दुपारी मुहूर्त, रात्री अकरापर्यंत रिसेप्शन. दिवसभर दोन कॅमेरे तिच्या खांद्यावर. शेवटी मुलीच्या वडिलांनी राहिलेले पैसे द्यायला फोन काढला, तेव्हा तिने क्यूआर कोडचं कार्ड पुढे केलं. त्यावर नाव तिच्या नवऱ्याचं होतं.

परतताना विचारलं, "तुझं खातं नाही का गं?"

"आहे की. पण ह्यांचे सीए सगळं एकत्रच बघतात. माझी वेगळी फाइल कशाला? कराची नसती कटकट."

मैत्रिणींनो, ही 'नसती कटकट' आपण किती सहज मान्य करतो! होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात. पुढे त्यांचं नाव झालं, २०११ साली पद्मविभूषण मिळालं. आज फोटोखाली आपलं नाव येतं, याचा आपल्याला अभिमान वाटतो. मग बिलावर ते का नसावं?

आधी व्यवहाराचं बोलू. उत्पन्न कष्ट करणाऱ्याचं, आणि त्यावरचा करही त्याच्याच नावाने, असं कायदा मानतो. ते नवऱ्याच्या उत्पन्नात दाखवणं ही सोय नाही, चूक आहे. शिवाय त्यात बचतही नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर लागत नाही. नवरा त्याहून जास्त मिळवत असेल, तर हिचे पाच लाख त्याच्या मिळकतीच्या वर जाऊन बसतात आणि त्यांवर त्याच्या दराने कर भरला जातो. तेच पाच लाख हिच्या नावावर असते आणि दुसरी मिळकत नसती, तर कर शून्य. विवरणपत्र मात्र भरावं लागलं असतं.

उत्पन्न म्हणजे हाती आलेली सगळी रक्कम नव्हे, हेही पुष्कळजणींना कुणी सांगितलेलं नसतं. मदतनिसाची मजुरी, प्रवास, अल्बमची छपाई, कॅमेऱ्याची दुरुस्ती हे सगळं वजा होतं. कॅमेऱ्याची किंमत एकदम नाही, तरी घसारा म्हणून दरवर्षी थोडी थोडी वजा होते. पण पावती आपल्या नावाची हवी आणि जपून ठेवलेली हवी. कंपनीचं काम केलं की बहुतेकदा व्यावसायिक शुल्क म्हणून दहा टक्के कापून उरलेले पैसे हाती येतात. ते दहा टक्के आपल्याच पॅनवर जमा असतात. कर लागत नसेल तर परत मिळतात, पण विवरणपत्र भरलं तरच.

आता कायद्याशीही थोडं भांडायला हवं. माझे लाइट धरणाऱ्या मुलाची मजुरी हा धंद्याचा खर्च. पण ज्या बाईने दिवसभर माझं लेकरू सांभाळलं म्हणून मी लग्नाला उभी राहू शकले, तिचा पगार मात्र खासगी खर्च. तो वजा होत नाही. नवऱ्याच्या स्टुडिओत बायको काम करते आणि तो तिला पगार देतो, तर त्या कामाचं तांत्रिक वा व्यावसायिक शिक्षण तिच्याकडे नसेल, तर तो पगार पुन्हा त्याच्याच उत्पन्नात धरला जातो. कर चुकवण्याची पळवाट बंद करायला हा नियम आहे, हे समजतं. पण बघून बघून शिकलेल्या बाईचे कष्टही त्याच पळवाटेत मोजले जातात, त्याचं काय? हे दोन्ही बदलायला हवं, आणि ते आपणच मागायला हवं.

मागायचं तर आधी कागदावर दिसायला हवं. माझ्या ओळखीच्या एकीने बारा वर्षं नवऱ्याच्या स्टुडिओत फोटो काढले, रात्र रात्र अल्बम जुळवले. दोघं वेगळी झाली. स्वतःचा कॅमेरा घ्यायला ती बँकेत कर्ज मागायला गेली. तिथे तीन वर्षांची विवरणपत्रं मागितली. तिच्याकडे एकही नव्हतं. गावातल्या निम्म्या घरांत तिने काढलेले फोटो भिंतीवर आहेत, आणि बँकेच्या अर्जावर तिला व्यवसाय 'गृहिणी' लिहावा लागला.

संसार दोघांचा असेल तर पैसाही दोघांचा असावा, याला कुणाचाच विरोध नाही. मिळवलेलं घरात जरूर द्या. पण आधी ते आपल्या खात्यात येऊ द्या, मग आपल्या हाताने द्या. घरच्या सीएंकडे नवऱ्याबरोबर एकदा आपणही जाऊन बसा. नाही समजलं तर पुन्हा विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

त्या मैत्रिणीने परवा फोन केला. नवं कार्ड छापून घेतलंय म्हणाली. क्यूआर कोड तिच्या खात्याचा आहे. "सासूबाईंनी विचारलं, आता दोन दोन कार्डं कशाला? म्हटलं, कामं दोन आहेत ना!"