चिमुकल्या चित्राचे मोल

१९०४ सालच्या नाताळात डेन्मार्कमध्ये एक चिमुकले सचित्र तिकीट विक्रीस आले. टपालखर्चाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पत्रावर ते शोभेसाठी चिकटवावे आणि त्याच्या मोलाचा पैसा क्षयग्रस्त मुलांच्या रुग्णालयाला मिळावा, एवढीच योजना होती. ती सुचली आयनार होल्बोल या टपालखात्यातील कर्मचाऱ्याला. कोणा धनाढ्याला नव्हे. त्या पैशांतून कोल्डिंग येथे रुग्णालय उभे राहिले. आपल्याकडे गांधीजयंतीपासून विकली जाणारी क्षयरोगाची 'सील' याच कुळातली.

हीच कल्पना अमेरिकेत अपंग मुलांच्या कामी आली. ओहायो राज्यातील एडगर अॅलन यांचा मुलगा १९०७ मध्ये वाहन-अपघातात, पुरेशा उपचारांअभावी दगावला. त्या दुःखातून त्यांनी रुग्णालय उभारले आणि १९१९ मध्ये अपंग मुलांसाठी संस्था स्थापन केली. १९३४ च्या ईस्टर सणाला, ऐन मंदीत, क्लीव्हलंडच्या एका दैनिकातील व्यंगचित्रकार जे. एच. डोनाहे यांनी तिच्यासाठी 'सील' रेखाटले. चित्र त्यांनी हेतुपुरस्सर साधे ठेवले. कारण ही मुले चारचौघांसारखे जगण्याचा हक्क तेवढा मागत होती. त्या तिकिटांना असा प्रतिसाद मिळाला, की पुढे संस्थेने 'ईस्टर सील' हेच नाव धारण केले.

डोनाहे यांनी जाणलेले हे मर्म पुढील काळातील अनेक प्रचारकांना मात्र उमगले नाही. कुबडीवर रेललेले केविलवाणे मूल दाखवून निधी जमविण्याची प्रथाच पडली. अपंगांच्या चळवळींनी तिला विरोध केला, तो अकारण नव्हे. दयेने पैशाची पिशवी सैल होते हे खरे; परंतु तेच मूल मोठे होऊन नोकरी मागावयास येते, तेव्हा अधिकाऱ्याच्या डोळ्यांपुढे तेच केविलवाणे चित्र उभे राहते आणि अर्ज बाजूला सरकतो. ज्या चित्राने औषध मिळवून दिले, त्यानेच उपजीविका हिरावून घ्यावी, हा कोणता न्याय?

आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने, निदान ४० टक्के अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. म्हणजे हा प्रश्न आता औदार्याचा उरलेला नाही. परंतु कायदा स्वतः जिना चढत नाही. चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थ्याचा वर्ग तळमजल्यावर आणणे मुख्याध्यापकांच्या हाती असते आणि दाखल्यासाठी आलेल्या पालकाला चौथा हेलपाटा न घालावयास लावणे लिपिकाच्या.

अशी शोभेची तिकिटे, भेटकार्डे अवश्य विकत घ्यावीत. मात्र त्या अल्प मोलात आपले कर्तव्यही चुकते झाले, असे कोणी समजू नये. चित्र लिफाफ्यावर चिकटते. हक्क रोजच्या व्यवहारात पाळावा लागतो.