कॅमेरा मोठा की डोळा?

मंडळी, आपल्या प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेसमोर गुडघे टेकून बसलेले दोन-तीन जण तुम्ही पाहिले असतीलच. गळ्यात पट्टा, पट्ट्याला किलो-दीड किलोचा कॅमेरा, आणि मागून येणाऱ्या "अहो, जरा खाली बसा" या आरोळीकडे साफ दुर्लक्ष! पुढे फोटो सगळ्यांच्या हाती आले की त्यांना हमखास एकच प्रश्न येतो : "सुंदर आलेत हो फोटो. कुठला कॅमेरा?" बिचाऱ्याचा चेहरा पडतो. तीन तास गुडघे त्याचे दुखले, आणि श्रेय मात्र जपानी कंपनीला.

या प्रश्नाला आमच्या घरात एक उत्तर आहे. आई पूर्वी पाट्यावर पुरण वाटायची. मग पुरणयंत्र आलं. काम निम्म्या वेळात व्हायला लागलं, पोळ्यांची संख्या वाढली. चव मात्र होती तीच राहिली. यंत्राने काय होतं आणि काय होत नाही, हे मला इंजिनिअरिंग कॉलेजच्या आधी तिथे कळलं.

हा विषय आत्ता काढायचं कारण असं, की सिंगापुरात राहून कॅमेऱ्याच्या मोहापासून दूर राहणं फार अवघड. एके काळी इथून भारतात जाणाऱ्याच्या यादीत नातेवाइकांनी सांगितलेला कॅमेरा असायचाच. ते दिवस गेले, पण दुकानं आहेत. नोव्हेनाहून लाल लाइनवर पाचवं स्टेशन सिटी हॉल. तिथे उतरून पेनिन्सुला शॉपिंग सेंटरच्या काचांसमोर उभं राहिलं, की माझ्यासारख्या माणसाचा पाय निघत नाही. नवी बॉडी, बरी लेन्स असा हिशेब मांडला तर चार-पाच हजार डॉलर होतात. सिंगापूर डॉलर, पण डॉलरच! आमच्या ओळखीत निदान तीन घरांत सध्या याच खरेदीची बोलणी चालू आहेत. तेव्हा ही रक्कम देऊन नक्की काय विकत मिळतं, ते एकदा नीट पाहू.

आधी कॅमेऱ्याच्या बाजूने बोलतो. "सामान कसलंही असो, कलाकार मोठा" हे ऐकायला छान वाटतं, पण पूर्ण खरं नाही. गणेशोत्सवात हॉलमधल्या मंद दिव्यांत आपली मुलं कोळीनृत्य करत असतात. साध्या लेन्सचं तोंड झूम केल्यावर ५.६ पर्यंतच उघडतं. महाग लेन्सचं २.८ पर्यंत उघडतं, म्हणजे चौपट प्रकाश आत येतो. त्यामुळे जिथे सेकंदाचा साठावा भाग शटर उघडं ठेवावं लागायचं, तिथे अडीचशेवा भाग पुरतो. साठाव्या भागात नाचणाऱ्या पोरीचे हात धुरासारखे येतात, अडीचशेव्या भागात बांगड्यासुद्धा दिसतात. सेन्सरचंही तसंच. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, फोनमधला नखाएवढा. फोन अनेक फोटो भराभर काढून एकत्र जोडतो, म्हणून स्थिर वस्तू अंधारातही झकास येतात. पण फुगडी घालणारी माणसं स्थिर नसतात. सुंगेई बुलोला पक्षी टिपणाऱ्यांनाही लांब लेन्सवाचून गत्यंतर नाही. बगळा काही तुमच्यासाठी जवळ येणार नाही.

आता दुसरी बाजू. मेगापिक्सेलचा आकडा पाहून जे पैसे जातात, त्यातले बरेचसे वाया जातात. ए-फोर कागदावर उत्तम छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे २४८० गुणिले ३५०८, सुमारे ८७ लाख. साधा १२ मेगापिक्सेलचा फोनही याच्या पुढे आहे. आणि आपल्यापैकी कितीजण ए-फोर तरी छापतो?

शिवाय काही गोष्टी कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. आपण विषुववृत्ताला खेटून राहतो. बाराही महिने सूर्य सकाळी सातच्या आसपास उगवतो आणि संध्याकाळी सातच्या आसपास मावळतो. मधल्या वेळात तो डोक्यावर चढतो आणि सगळ्यांच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या पाडतो. भारतातून आलेल्या पाहुण्यांचे मरलायनसमोरचे फोटो आपण नेमके दुपारी बाराला काढतो! तोच माणूस सकाळी साडेसातला मॅकरिची जलाशयाच्या काठी उभा करा, फोनवरही चेहरा उजळ येईल. त्याला खर्च एकच, रविवारची झोप.

आपल्या मराठी मुलखातच या वादाचं एक जुनं उदाहरण आहे. १८९६ साली मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंचा चलच्चित्रांचा खेळ झाला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे मुंबईतले फोटोग्राफर. त्यांनी विलायतेहून २१ गिनींना चलच्चित्रांचा कॅमेरा मागवला, १८९९ साली हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली आणि १९०१ साली केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचं स्वागतही टिपलं. डोळ्यासमोर जे घडतं ते जपून ठेवावं, ही त्यांची दृष्टी, आणि ती त्यांनी चोख पार पाडली.

पुढे १९१२ साली दादासाहेब फाळके विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पण तोवर काय काय झालं होतं पाहा. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट झालं, बडोद्याचं कलाभवन झालं, गोध्र्याला फोटो स्टुडिओ झाला, पुराणवस्तू खात्यात नोकरी झाली, छापखाना झाला, जादूचे प्रयोगही झाले. वय बेचाळीस. कॅमेरा आला तो या सगळ्याच्या शेवटी, आणि कशासाठी हवा ते पक्कं ठाऊक असताना आला. घरी येऊन त्यांनी पहिल्यांदा टिपलं काय, तर कुंडीतलं वाटाण्याचं रोप. थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेत त्यांनी अंकुर वाढताना दाखवला, आणि तो पाहून पैसे लावणारा सावकार तयार झाला. घरात सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडण्यापासून सगळ्या युनिटच्या स्वयंपाकापर्यंत राबत होत्या. ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

विल्यमसन नसता तर फाळक्यांना चित्रपट काढता आला नसता, हे खरंच. पण सावकाराने पैसे विल्यमसन पाहून दिले नाहीत, वाटाणा पाहून दिले. आणि तशाच प्रकारच्या यंत्रातून सावेदादांना कुस्ती दिसली, फाळक्यांना हरिश्चंद्र दिसला. यंत्राने दोघांनाही काय पाहायचं ते सांगितलं नाही.

तेव्हा खरेदीला निघालेल्या मंडळींना माझं म्हणणं इतकंच. हातातल्या कॅमेऱ्याने गेल्या वर्षभरात काढलेले वीस फोटो कागदावर छापून घ्या आणि जेवणाच्या टेबलावर मांडा. जे फसलेत ते का फसले, ते एकेकाच्या मागे पेन्सिलीने लिहा. "अंधार होता, हललं" किंवा "फार लांब होतं" असं दहा-बारांमागे आलं, तर लेन्स जरूर घ्या. आधी दोन दिवस भाड्याने आणून पाहा. पण "सगळे नुसते रांगेत उभे", "मागे खांब", "आजोबा डोळे मिटून" असंच येत असेल, तर पाच हजार डॉलरनंतरही खांब तिथेच राहणार, फक्त जास्त स्पष्ट दिसणार.

आणखी एक हिशेब, जरा घरचा. या पैशांत चौघांचं मुंबईला जाणं-येणं सहज होतं. आपल्यापैकी बहुतेकांना ज्यांचे फोटो पुढे हवेसे वाटणार आहेत, ती माणसं नाशिकला, सांगलीला, ठाण्याला बसली आहेत, आणि दर वर्षी एकेक वर्षाने म्हातारी होताहेत. आपल्याकडे त्यांचे फोटो आहेत ते लग्नातले आणि विमानतळावरचे. अंगणात भाजी निवडताना, पेपर वाचताना, शेजाऱ्याशी वाद घालताना ती कशी दिसतात, ते कुणी टिपलेलं नाही. त्यासाठी २.८ ची लेन्स लागत नाही. पंधरा दिवस त्या घरात नुसतं बसावं लागतं, कॅमेरा आहे हे ती विसरेपर्यंत. आमच्या घरी यंदा बोलणी झाली, आणि डिसेंबरची तिकिटं काढली आहेत. जुनाच कॅमेरा बरोबर नेणार आहे. त्याची बॅटरी तेवढी नवी घेतली.