सव्वा लाखाचा हत्ती

सध्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच विषय चालू आहे. एका भाच्याला २०१२ सालची जर्मन सेडान मिळते आहे. दिल्लीची गाडी, डिझेल, पांढरीशुभ्र, वर सनरूफ, आणि किंमत साडेपाच लाख. त्याचं म्हणणं, "मामा, जरा बरी अशी छोटी नवी गाडीसुद्धा सात लाखांच्या खाली येत नाही. मग ही का नको?" अर्धं गणगोत त्याच्या बाजूने, अर्धं विरोधात. माझ्या दारात गेली अकरा वर्षं एक म्हातारी मर्सिडीज उभी आहे, तेव्हा मी त्याचीच बाजू घेणार अशी सगळ्यांची समजूत. मी गप्प राहिलो, कारण ग्रुपवर चार ओळींत मावणारं हे प्रकरण नाही. म्हणून इथे लिहितो आहे. ज्यांना गाड्यांचा कंटाळा आहे त्यांनी खुशाल हे पान सोडून द्यावं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुनी आलिशान गाडी जरूर घ्यावी. फक्त स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये, कारण ती स्वस्त नसते.

पन्नास लाखांची गाडी साडेपाच लाखांना विकायला निघते तेव्हा विकणाऱ्याला अक्कल नाही असं समजू नये. त्याला चांगली अक्कल असते. गाडीची किंमत जुनी होते, पार्टची होत नाही. गाडी पन्नास लाखांची असताना ज्या गिअरबॉक्सच्या कामाला दोन-अडीच लाख लागत, तेवढेच, किंबहुना थोडे जास्तच, ती साडेपाच लाखांची झाल्यावरही लागतात. पहिल्या मालकाला तो खर्च म्हणजे गाडीच्या किमतीचा विसावा हिस्सा. तुम्हाला जवळजवळ निम्मा. आणि बहुतेक वेळा पहिला किंवा दुसरा मालक ते काम येऊ घातलंय हे कळल्यावरच गाडी बाजारात काढतो. म्हणजे तुम्ही गाडी घेता आणि तिच्याबरोबर त्याचं टाळलेलं बिलही घेता. ते बिल आरसी बुकावर लिहिलेलं नसतं एवढंच.

दिल्लीच्या गाड्यांचं आणखी वेगळं. तिकडे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये डिझेल गाड्यांना दहा वर्षांची मर्यादा घातली, पेट्रोलला पंधरा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते उचलून धरलं. २०२५ च्या जुलैत तर अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असा फतवा निघाला आणि काही दिवसांत मागेही घेतला गेला. त्यानंतरही न्यायालयाचे आदेश बदलत राहिले. या सगळ्या धास्तीत बऱ्याच चांगल्या गाड्या मिळेल त्या भावाला बाहेर पडल्या हे खरं. पण इकडे आणताना तिकडची एनओसी लागते, आपल्या आरटीओत नव्याने नोंदणी लागते आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स, वयाप्रमाणे घट धरून का होईना, पुन्हा भरावा लागतो. शिवाय २०१२ ची गाडी म्हणजे २०२७ ला पंधरा वर्षं पुरी. लगेच रिपासिंग. भाच्याच्या साडेपाच लाखांत यातलं काहीही धरलेलं नव्हतं. "एजंट बघतो म्हणालाय," हे त्याचं उत्तर. एजंट बघतो, पैसे आपण देतो.

आता माझ्या गाडीविषयी, कारण त्याशिवाय मला बोलण्याचा अधिकार नाही.

मर्सिडीज आपल्याकडे बनायला लागली १९९५ मध्ये, पिंपरीला टेल्कोच्या आवारात. (चाकणचा कारखाना बराच नंतरचा, २००९ चा.) जे मॉडेल इथे आधी आलं ते डब्ल्यू-१२४, म्हणजे जर्मनीत १९८४ पासून चाललेलं. गंमत अशी, की तिकडे त्याच १९९५ साली त्याच्या पुढचं मॉडेल बाजारात आलं आणि आपल्याकडे मागचं सुरू झालं. तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती, जुना माल भारताच्या गळ्यात मारला म्हणून. आज मात्र मला वाटतं, आपलं नशीब चांगलं. ती गाडी कॉम्प्युटरच्या आधीच्या पिढीची शेवटची म्हणावी अशी आहे. ब्रूनो साको नावाच्या मूळच्या इटालियन माणसाच्या देखरेखीखाली तिचं रूप ठरलं. हा गृहस्थ १९९९ पर्यंत कंपनीच्या डिझाइन विभागाचा प्रमुख होता आणि २०२४ मध्ये वारला. पुढच्या काचेला वायपर एकच, पण तो फिरताना लांब-आखूड होतो आणि कोपऱ्यांपर्यंत पोहोचतो. पावसात नातवंडं वायपर बघायलाच पुढे बसतात.

माझी १९९६ ची, ई-२२०, पेट्रोल. २०१५ साली एका डॉक्टरांच्या घरच्यांकडून सव्वा लाखाला घेतली. मेला हत्ती सव्वा लाखाचा म्हणतात, हा तर जिवंत होता! घेताना मी गाडीपेक्षा फाईल जास्त वेळ बघितली. एकोणीस वर्षांची बिलं तारीखवार लावलेली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या काही वर्षांत या मॉडेलच्या इंजिनाच्या तारांवरचं आवरण कालांतराने पापडासारखं तुटतं, हे गाडीच्या शौकिनांमध्ये सर्वश्रुत आहे. त्या तारा बदलल्याचं बिल फाईलमध्ये सापडलं तेव्हाच मी मनात व्यवहार पक्का केला. रंग चार ठिकाणी उडाला होता, तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मास्तरकीची सवय म्हणून हिशेबाची वही ठेवली आहे. पहिल्या वर्षी एक लाख दहा हजार गेले. बिघाड काही नव्हता, रबर म्हातारं झालं होतं. सस्पेन्शनचे बुश, इंजिन माउंटिंग, पाण्याचे आणि पेट्रोलचे होज, सगळं एकदमच केलं. (होज घेतानाच इथेनॉल चालेल असे घेतले. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवत नाही. आमच्या सातारा-सांगलीचा ऊस आमच्याच गाडीचे पाइप खातो म्हणायचं!) पुढच्या दहा वर्षांत मिळून चार लाख. म्हणजे गाडीची किंमत धरून आजवर सहा लाख पस्तीस हजार. यात पेट्रोल आणि विमा नाही. अ‍ॅव्हरेज गावात आठ, हायवेला दहा. फिरणं वर्षाला तीन हजार किलोमीटर, म्हणून झेपतं. विम्याचं सांगायचं तर इंजिन दीड लिटरच्या वरचं, त्यामुळे २०२२ मध्ये ठरलेल्या दराने नुसत्या थर्ड पार्टीलाच ७,८९७ रुपये आणि वर कर. गाडी कितीही जुनी होवो, तो आकडा कमी होत नाही.

एवढ्या पैशात एक लहान नवी गाडी आली असती, ती दहा वर्षं वापरून वर तिचे दोन लाख तरी परत मिळाले असते. तेव्हा "काटकसर केली" असं मला कोणी म्हणू नये. मी जवळपास तेवढेच पैसे वेगळ्या गोष्टीसाठी दिले.

ती गोष्ट कुठली? लोकांना वाटतं बॉनेटवरचा स्टार. स्टारचा मला झाला तो तोटाच. पेन्शनर मास्तर मर्सिडीजमधून उतरला की लोक विचारतात, "सर, क्लासेस जोरात चालले होते वाटतं?" मी आयुष्यात एक शिकवणी घेतलेली नाही. लग्नसराईत नवरदेवासाठी गाडी मागायला येतात, फुलांच्या माळांना चिकटपट्टी लावून रंग काढतात. आणि गॅरेजवाले! स्टार दिसला की बिलात एक शून्य वाढतं. नावं घेत नाही, पण एका मोठ्या चकचकीत ठिकाणी नुसतं तपासून सांगायचे सहा हजार घेतले आणि सांगितलं काय, तर "सर, नवीन घ्या."

मला मिळालं ते दुसरंच. सौ.ची कंबर गेली पंधरा वर्षं दुखते. मुलाच्या उंच, नव्याकोऱ्या गाडीतून सातारा-पुणे केलं की ती दोन दिवस आडवी. या गाडीत ती शिरवळच्या आत झोपते आणि कात्रजला जागी होते. सीटमध्ये स्प्रिंग आहेत, जुन्या सोफ्याला असत तशा. मागच्या चाकांना पाच-पाच दांड्यांची बांधणी आहे, ती खड्डा गिळून टाकते. यातलं काहीही शोरूममध्ये दाखवता येत नाही आणि नेमकं तेच तीस वर्षं टिकलं आहे.

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. महागड्या गाडीत जे मिरवायला असतं ते आधी मरतं. स्क्रीन, सनरूफची मोटर, आपोआप मिटणारे आरसे, हवेवरचं सस्पेन्शन. जे दिसत नाही ते टिकतं, म्हणजे पत्रा, सांधे, सीट, इंजिनाचं पोट. म्हणून दहा-पंधरा वर्षांची गाडी ही मला सगळ्यात धोक्याची वाटते. तिच्यातलं मिरवायचं सामान मरायला टेकलेलं असतं, ते दुरुस्त करायला कंपनीचा कॉम्प्युटर लागतो, आणि लोक भुलतात त्यालाच. पंचवीस-तीस वर्षांची परवडते, कारण जे मरायचं ते मरून गेलेलं असतं आणि उरलेलं पान्याने उघडता येतं.

तरीही कोणाला घ्यायचीच असेल तर माझ्या अनुभवाचं थोडं सांगतो. मिस्त्री आधी शोधावा, गाडी नंतर. माझा मिस्त्री पिंपरीचा, स्वतःचं छोटं गॅरेज. तो खोक्यावरचं नाव बघत नाही. सस्पेन्शनचा जो सांधा कंपनीच्या खोक्यात मिळतो, तोच बनवणाऱ्या लेमफोर्डरच्या खोक्यात बराच स्वस्त मिळतो. शॉकअ‍ॅब्झॉर्बर साक्सचे, बिजागऱ्या-काचा-दिवे कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून. तिथे नसेल तर दिल्लीचं मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट. फोनवर फोटो पाठवायचा, तीन दिवसांत पार्सल हजर. दुसरं, गाडीच्या किमतीएवढीच रक्कम बँकेत बाजूला हवी. पाच लाखांची गाडी दहा लाखांत बसत नसेल तर ती आपली नव्हे. कर्ज काढून तर मुळीच घेऊ नये, कारण हप्ता आणि गिअरबॉक्स दोघं एकाच महिन्यात येतात. तिसरं, परगावच्या गाडीचं कार्पेट उचलून वास घ्यावा आणि सीटखालच्या पट्ट्यांचा गंज पाहावा. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या राज्यात विकतात. इंजिन थंड असतानाच सुरू करून दाखवा म्हणावं.

राहता राहिला माझा स्वतःचा प्रश्न, आणि तो सोपा नाही. २०२६ च्या ऑगस्टमध्ये गाडीला तीस वर्षं होतील आणि पासिंगची मुदत संपेल. मागच्या वेळी, २०२१ ला, नूतनीकरणाची फी सहाशे रुपये होती. २०२२ मध्ये पाच हजार झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार. (आयात केलेली असती तर ऐंशी हजार. पिंपरीची असल्याचा हाही एक फायदा.) पर्यावरण कर आणि फिटनेसची फी वेगळी. मुलगा म्हणतो, "बाबा, स्क्रॅपला द्या, सर्टिफिकेट घ्या, नव्या गाडीच्या टॅक्समध्ये पंचवीस टक्क्यांपर्यंत सूट मिळते." त्याचं चुकत नाही. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, तेव्हा गाडी तो चालवतो.

पण सरकारचं मला एक पटत नाही. वयावरून फी वाढवायची, स्थितीवरून नाही. माझी गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटर जाते, पीयूसीत दर वेळी पास होते. तिच्याच शेजारून काळा धूर ओकत जाणारा सहा वर्षांचा टेंपो मात्र तरुण समजला जातो. विंटेज म्हणून मान मिळवायला पन्नास वर्षं लागतात. म्हणजे २०४६ पर्यंत ही ना तरुण, ना विंटेज. मी तेव्हा चौऱ्याण्णवचा असेन! मशिनवर तपासा, नापास झाली तर मी स्वतः भंगारात नेऊन घालीन. पण नुसता जन्मसाल बघून नको.

सौ.ला विचारलं. ती म्हणाली, "तुमच्या गाडीचं मला काही कळत नाही, पण पुढच्या वर्षी पुण्याला जायचं तर मी कशात झोपणार?" दहा हजार बाजूला काढून ठेवले आहेत. फिटनेसला हँडब्रेक नीट बघतात, आणि या गाडीचा हँडब्रेक पायाने दाबायचा आहे. त्याचे मागचे ब्रेक शू झिजलेत. कुर्ल्याला फोटो पाठवला आहे, सोमवारपर्यंत येतील असं म्हणालाय.