आईकडूनच येतो म्हणे!

परवा माढ्याला मावशीकडे गेले होते. माढेश्वरीचं दर्शन झालं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी झाली, पण घरात कुणी धड बोलेना. शेवटी मावसबहिणीनं सांगितलं, ठरत आलेलं स्थळ मोडलं. कारण काय? तर मावशीला चार वर्षांपूर्वी तोंडाचा कॅन्सर झाला होता. मुलाच्या काकांनी कुठंतरी वाचलं होतं की कॅन्सरमध्ये मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए बिघडतो आणि मायटोकॉन्ड्रिया येतात आईकडून. म्हणजे मुलीलाही होणारच! हे सांगताना काका तळहातावर तंबाखू मळत होते म्हणे.

मावशी एवढंच म्हणाली, "म्हंजे माझ्यामुळंच व्हय गं पोरीचं असं?"

तेव्हापासून डोकं फिरलंय. म्हणून हे लिहितेय.

दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि त्यांची बेरीज साफ खोटी. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा छोटासा डीएनए असतो. १६,५६९ अक्षरं, ३७ जनुकं. तो आईकडून येतो, कबूल. पण गाठीत जे बदल सापडतात ते बहुतेक त्या माणसाच्या आयुष्यात, त्या गाठीच्या पेशींतच झालेले असतात. १९९८ साली अमेरिकेत आतड्याच्या कॅन्सरच्या १० पेशी-वाणांपैकी ७ मध्ये असे बदल सापडले, ते असेच नंतर झालेले. मूल आईच्या बीजांडातून जन्मतं, जिभेवरच्या गाठीतून नाही!

मायटोकॉन्ड्रिया बिघडले की ते पेशीच्या केंद्रकाला संदेश धाडतात आणि तिथली काही जनुकं जास्त बोलू लागतात, काही गप्प होतात. पेशी मग साखरेवर तुटून पडते. यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता, यावर अजून वाद चालू आहे. शास्त्रज्ञांचा वाद मिटला नाही, काकांचा मिटला!

आणि आईकडून येतं तर मुलग्यालाही येतंच ना? मावसभावाचं लग्न दोन वर्षांपूर्वी थाटात झालं, तेव्हा कुणी विचारलं नाही. माझी आई आणि मावशी सख्ख्या बहिणी, म्हणजे माझेही मायटोकॉन्ड्रिया तेच. मलाही कुणी विचारलं नव्हतं. खरोखर वारशानं धोका वाढवणारी बीआरसीएसारखी जनुकं असतात, पण ती केंद्रकातली. बापाकडूनही तितकीच येतात. बापाचं घराणं कधी तपासलंत?

मावशीनं तीस वर्षं मिश्री लावली. तंबाखू भाजून केलेली. हे मात्र स्थळ बघताना कुणालाच सुचलं नाही, कारण मिश्री त्यांच्याही घरात असणार.

शेजारच्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते, देशातली पहिली. त्याच भागात, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १,३१,७४६ बायकांना घेऊन अभ्यास झाला. एचपीव्हीची एकच तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. हे २००९ साली छापून आलं. आपल्या एसटीच्या अंतरावरची गोष्ट आहे ही, पण ती काकांच्या वाचनात आली नाही.

असो. स्थळ आणणारे मध्यस्थ आमच्याच नात्यातले आहेत आणि हा ब्लॉग वाचतात. दादा, हे छापून त्या काकांना नेऊन द्या. आणि मावशीला फोन करा, ती अजून जेवत नाहीये नीट.